सुहासचे साडेचार मार्क

हे नीट बसून वाच बघू, तन्वी. तो फोन ठेव बाजूला, आणि ठेवायचा नसेल तर निदान पालथा तरी घाल. परवा मुलुंडहून एवढी धडपडत आलीस, चहा गार करून प्यायलीस, आणि जाता जाता मला काय दाखवलंस? कुठलीशी क्लिप. एक टकला माणूस आमच्या सोसायटीतल्या माणसांचे आवाज काढून दाखवतोय आणि तू पोट धरून हसतेयस. "मावशीआजी, कसला भारी आहे हा, कोण आहे?" तुझी रिक्षा दारात उभी होती. पण राग आला होता हं मला. ज्या भिंतीला टेकून तू हसत होतीस ना, त्याच भिंतीपलीकडे राहायचा तो. आणि त्या क्लिपमध्ये "अय्या, किती छान चित्रं" असं नाकात बोलणारी जी बाई आहे, ती मी. तुला ओळखू आलं नाही, हेही एक बरंच झालं.

तो सुहास. आता नाही. म्हणून म्हटलं लिहूनच काढावं. तुला सांगायला बसले तर तू दर दोन मिनिटांनी घड्याळ बघणार.

चारकोपला आम्ही आलो तेव्हा ही सगळी बैठी घरं होती, भिंतीला भिंत लागून. आमच्या घरी फोडणी टाकली की सुहासच्या घरी ठसका. सुहास, त्याची आई आणि त्याचा कॉम्प्युटर, अशी तीन माणसं तिथं राहायची. लग्न झालं नाही. म्हणजे मुली दाखवल्या, पण हा चहापोहे खाऊन झाल्यावर मुलीच्या बापाला पोह्यांचे मार्क सांगायचा.

खोटं वाटतंय ना? अगं, तो सगळ्याला मार्क द्यायचा. दहापैकी. आणि अर्ध्याचा सोस भारी. साडेतीन, साडेपाच. आधी मान तिरकी करायची, गळ्यातले हेडफोन डॉक्टरच्या नळीसारखे चाचपायचे आणि म्हणायचं, "खरं सांगू?" समोरच्याने हो म्हणायची वाट कधी बघितली नाही त्याने. त्या प्रश्नाला 'नको' म्हणायची सोयच नव्हती. माझ्या यजमानांच्या तेराव्याला जेवून उठला, हात धुतले, माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "वहिनी, खरं सांगू? जिलबी सात. भाषणं दोन. परबांचं रडणं दीड, त्यांचं लक्ष सगळं पंगतीकडे होतं." मी पांढऱ्या साडीत बसलेली, आणि मला हसू आलं बघ. त्या तेरा दिवसांत मला हसू आणणारा तेवढा एकच माणूस. पण म्हणून तो प्रेमळ होता असं समजू नकोस. मला हसू आलं नसतं तरी तो तेच बोलला असता.

गणपतीत लहान मुलांची चित्रकला ठेवली होती एकदा. परीक्षक मिळेना म्हणून परबांनी, म्हणजे आमच्या सेक्रेटरींनी, सुहासला बसवलं. सहा वर्षांच्या पोरीने मूषक काढला होता, त्याला याने तीन दिले आणि वर सांगितलं की हा उंदीर नाही, बटाटा आहे. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली. तर हा तिच्याकडे नीट बघून म्हणाला, "रडण्याला आठ. यात मेहनत दिसते." तिच्या आईने वर्षभर याच्याशी बोलणं टाकलं. याला त्याचा पत्ताही नव्हता.

अंधेरीला एका कंपनीत नोकरी होती त्याला. दुसऱ्यांनी केलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, हेच काम. म्हणजे स्वभाव आणि पगार एकाच ठिकाणी. पुढे ती सोडली आणि गेमचे रिव्ह्यू करायला लागला, व्हिडिओ करून. पण तू खेळतेस तसले धावाधाव आणि गोळीबार नव्हेत हं. गोष्टीचे गेम. जुन्या वळणाचे. वरून दिसणारं एक गाव, चौकटी-चौकटींची जमीन, त्यात बोटाएवढी माणसं. आपण त्यातल्या चौघांना घेऊन फिरायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. तो जे बोलतो ते खाली पट्टीत लिहून येतं. एक ओळ वाचली की बटण दाबायचं, टक् करून पुढची ओळ. मारामारीसुद्धा आळीपाळीने, आधी तू मार मग मी, आणि मध्ये फासे पडणार. एकेक गेम महिना महिना चालतो. मी म्हटलं, अरे ही तर कादंबरीच, फक्त पान उलटायला बटण. तर म्हणाला, "वहिनी, तुम्हाला सहा."

या बाबतीत मात्र त्याचा एक नेम होता, आणि तो त्याने कधी मोडला नव्हता. गेम शेवटपर्यंत खेळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, आणि एकही माणूस न ऐकता पुढे जायचं नाही. वेशीवर उभा असलेला पहारेकरी दर वेळी तेच वाक्य बोलतो ना, ते हा दर वेळी वाचायचा. बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या गेमला सगळ्या जगाने नऊ-नऊ दिले, याने तीन दिले. ढिगाने शिव्या आल्या. हा ओट्यावर बसून, एकेका शेंगदाण्याचं साल काढत त्या शिव्या मोठ्याने वाचायचा आणि त्यांनाही मार्क द्यायचा. पण पुढे त्याच लोकांनी कबूल केलं म्हणे, की हा म्हणाला तेच खरं होतं. असले गेम खेळणारी माणसं थोडी, पण ती सगळी याच्या शब्दावर चालायची.

आता याची आई. आम्ही तिला माई म्हणायचो. मालवणकडची. ती बोलायची. म्हणजे मी बोलते ते काहीच नाही. नळाशी बोलायची, मांजराशी बोलायची, पातेल्यातल्या बांगड्याशी बोलायची. सुहास हेडफोन लावून बसायचा आणि माई त्याच्या पाठीशी बोलत राहायची. "काल बांगडे हाडले, ते मांजरान खाल्ल्यान," इथून सुरू व्हायचं ते थेट तिच्या माहेरच्या विहिरीपर्यंत. आणि दर थोड्या वेळाने, काही कारण असो-नसो, "जेवलंस काय रे, झिला?" झील म्हणजे मुलगा. तिच्या सोलकढीलासुद्धा हा मार्क द्यायचा. एकदा माई भिंतीवर थापा मारून मला बोलावून सांगते, "सहा दिल्यान गो माका! गेल्या टायमाक पाच होते." चेहरा असा, की पोराने शालू आणून दिलाय.

तिचं बोलणं एकाच माणसाने ऐकलं. केतकीने. समोरच्या ओळीतल्या खरातांची मुलगी. वडील चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फोरमन, आई नर्स, दोघंही दिवसभर बाहेर. पोर शाळेतून आली की माईकडे. माई तिला वरणभात भरवायची आणि सुहास तिला शेजारी स्टूल देऊन गेम दाखवायचा. लहान मुलांशी कसं बोलतात ते त्याला ठाऊकच नव्हतं, त्यामुळे तो तिच्याशी मोठ्या माणसासारखा बोलायचा. पोरगी खूश. एक कान स्क्रीनकडे, एक कान माईकडे. तिथंच तिने ठरवलं, आपण गेम बनवायचा. सुहास तिला म्हणाला होता, "तू बनव. मी पूर्ण खेळीन आणि खरं सांगीन." दुसऱ्या पोरीला हे भ्यायला पुरलं असतं. हिने ते जपून ठेवलं.

माई गेली ते सांगते. मनात नव्हतं सांगायचं, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

दुपार होती. मी ताटं घेत होते. पलीकडून माईने हाक मारली, "जेवलंस काय रे, झिला?" मग परत मारली. मग परत, पण या खेपेला आवाज वेगळा, जसा काही पाण्यातून. आणि भांडं पडलं. मी धावले. दार आतून कडीबंद. मी दार बडवलं, नावाने हाका मारल्या, परब आले, खरातबाई ड्युटीवरून नुकत्या आल्या होत्या त्या आल्या. शेवटी मागच्या खिडकीतून हात घालून मागच्या दाराची कडी काढली. माई स्वयंपाकाच्या ओट्याखाली पडलेली. आणि बाहेरच्या खोलीत हा पाठमोरा, कानावर हेडफोन. गेमचा शेवट चालला होता. खरातबाईंनी माईची नाडी बघितली आणि मान हलवली. मी जाऊन त्याच्या कानावरचे हेडफोन ओढले, तर म्हणतो, "दोन मिनिटं, वहिनी."

डॉक्टर म्हणाले, लगेच कळलं असतं तरी काही सांगता आलं नसतं. असं म्हणायचं असतं डॉक्टरांना.

त्या गेमचा रिव्ह्यू त्याने माईचं दिवसकार्य झाल्यावर टाकला. साडेसात दिले. आयुष्यात त्याने कुठल्याही गेमला दिलेले सगळ्यांत जास्त मार्क. आम्हाला कुणाला ते बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. त्यानंतर त्याने हेडफोन लावले नाहीत. गळ्यात असायचे, पण कानावर नाही. स्पीकर आणले. आणि माईच्या लुगड्याचा एक तुकडा फाडून ठेवला, त्याने स्क्रीन पुसायचा. भिंतीतून मला सगळं ऐकू यायचं, गेममधला पाऊस, गेममधल्या तलवारी, आणि ते टक्, टक्. मी कधी तक्रार केली नाही.

केतकी शिकली, अंधेरीला एका ऑफिसात लागली, आणि एक दिवस ती नोकरी सोडून पोटमाळ्यावर जाऊन बसली. चार वर्षं. लग्नाचं वय, बापाचं ब्लडप्रेशर, सगळं खाली ठेवून वर गेम बनवत होती. चित्रं तिची, गोष्ट तिची, संगीत कुठल्याशा मैत्रिणीचं. खरात मला म्हणायचे, "काकू, पोरगी वेडी झाली की शहाणी, ते कुणाला विचारावं?" मी म्हणायचे, सुहासला विचारा. तोच सांगेल.

गेमचं नाव 'शेवटचं मिठागर'. खाडीकाठी मिठागरवाल्यांचं एक गाव आहे. माणसं एकेक करून गाव सोडून चाललीयत. आपण चौघांना घेऊन घरोघर फिरायचं, बोलायचं, कुणी थांबतंय का बघायचं. बास. मीठ आहे, वारा आहे, माणसं आहेत. मराठीत लिहिलेलं, आणि खाली इंग्रजीही.

आला तेव्हा आधी बरं झालं. परदेशातल्या एका बाईने सात दिले, लिहिलं की असा संथ आणि खारट खेळ बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. खारट हे कौतुक होतं, केतकीने मला समजावून सांगितलं. इथल्या पोरांनी लिहिलं की यात मारामारी कुठंय, भाई, झोप आली. एकाने जुन्या वळणाचे गेम कसे असावेत यावर इतकं लांब लिहिलं की त्यात हिचा गेम शेवटच्या ओळीत आला. कुठल्याशा पेपरात 'आपल्या मातीतला गेम' म्हणून छापून आलं. ते लिहिणाऱ्याने फोन करून केतकीलाच विचारलं होतं, गोष्टीत होतं काय. सगळं असं अधांतरी. हे गेम पहिल्या काही दिवसांत चालले तर चालतात, नाहीतर गेले. आणि जी थोडी माणसं असले गेम खेळतात ती सगळी थांबली होती. सुहास काय म्हणतो?

सुहास खेळत होता. नेमाने, हळूहळू.

आणि इकडे आमच्या सोसायटीने घोळ घातला. प्रेमाने घातला, तोच तर त्रास. परबांनी ग्रुपवर टाकलं की आपल्या मुलीला आपणच पाठिंबा द्यायचा, गेम विकणाऱ्या साईटवर प्रत्येकाने पाच चांदण्या द्यायच्या. काय लिहायचं सुचणार नाही म्हणून मजकूरही त्यांनीच दिला: 'कु. केतकी हिने सोसायटीचे नाव उज्ज्वल केले. अतिशय स्तुत्य उपक्रम. पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.' वाढदिवसाला टाकतात तसं. सगळ्यांनी आपापल्या पोरांच्या खात्यावरून गेम घेतला, थोडा वेळ उघडला, बंद केला, आणि तेच्या तेच वाक्य चिकटवलं. मी आपली 'अय्या, किती छान चित्रं' एवढी भर घातली. आम्हाला काय ठाऊक, तिथं प्रत्येक नावाखाली तुम्ही किती वेळ खेळलात ते दिसतं. सगळ्यांचं पाच मिनिटं, सात मिनिटं. केतकी धावत आली, म्हणाली, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? परब म्हणाले, "आभार राहू दे बेटा, हे आपलं कर्तव्य आहे."

त्या दिवसांत ती रोज संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. मेथी निवडायचं निमित्त. खरं म्हणजे भिंतीला कान लावून सुहास कुठपर्यंत आला ते ऐकायचं. "काकू, आता तो नावेपाशी आला." "आता सुताराशी बोलतोय." टक्, मग थांबून टक्. वाचतोय. ती माझ्याकडे बघून हसायची. असं कुणाचं वाचणं ऐकत बसलेलं मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

मग एका संध्याकाळी वेगळं संगीत लागलं. पाणी थेंबथेंब पडल्यासारखं. केतकी म्हणाली, "विहीर आली," आणि हातातली जुडी खाली ठेवली. तिकडे एक टक् झालं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, उठून गेला. आणि मग लाह्या फुटाव्या तशी ती बटणं वाजायला लागली. टक्टक्टक्टक्. संपेपर्यंत.

केतकीचा चेहरा उतरला. "काकू, त्याने न वाचता पुढे ढकललं."

मी म्हटलं, वाचलं असेल गं, त्याचं वाचन भराभर आहे.

"इतकं भराभर कुणी वाचत नाही."

मग तिने सांगितलं. त्या गावाच्या विहिरीवर एक म्हातारी बसलेली असते. ती बोलते. खूप बोलते. बांगड्याचं, मांजराचं, माहेरच्या विहिरीचं. बाकीची माणसं बोलून झाली की काही ना काही देतात, वाट सांगतात, किल्ली देतात. ही काहीच देत नाही. शेवटी फक्त विचारते, "जेवलंस काय रे, झिला?" आणि सुरुवातही तिची तिथूनच. मी म्हटलं, अगं बाई, त्याला आधी विचारायचं तरी होतंस. तर ती म्हणाली, "मला वाटलं त्याला आवडेल, काकू. तिचं बोलणं कुणीतरी ऐकून ठेवलंय, हे त्याला कळावं म्हणून केलं होतं."

तिने भेट म्हणून दिलं होतं. त्याला ते घरात घुसून कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं लागलं असणार.

चार दिवसांनी व्हिडिओ आला. तू बघितलास तो त्यातला तुकडा. पूर्ण बघितला असतास तर हसली नसतीस. आधी त्याने परबांचं, सोसायटीतल्या भिसेकाकूंचं, माझं, एकेकाचं वाक्य आवाज काढून वाचलं, प्रत्येकाच्या खाली किती मिनिटं ते सांगितलं, आणि म्हणाला की या गेमचे चाहते भरपूर आहेत, फक्त त्यांनी तो खेळलेला नाही. मग गेमवर आला. फासे अन्यायाने पडतात, म्हणाला. नकाशात माणूस हरवतो. हे खरं असेल, मला त्यातलं कळत नाही. केतकीही म्हणाली, हे खरं आहे. मग विहीर. "ही बाई," म्हणाला, "हिच्या तोंडाला कुणीतरी झाकण लावा. एवढं ऐकून हातात काय येतं? काही नाही. कापून टाकण्यासारखी आहे. शेजारपाजारचं बोलणं उतरवून काढलं की त्याची गोष्ट होते, असं कुणीतरी या मुलीला सांगितलेलं दिसतं. साडेचार." मग हेडफोन चाचपले आणि म्हणाला, "हिला खेळायला मी शिकवलं. चूक माझी."

लोकांना ते इतकं आवडलं म्हणतेस! परबांचा आवाज तर पोरांनी गाण्यावर लावला. साईटवाल्यांनी आमची सगळ्यांची वाक्यं काढून टाकली, त्याबरोबर चार खऱ्या माणसांची खरी कौतुकंही गेली. त्या परदेशातल्या बाईने आपल्या सातच्या खाली एक ओळ वाढवली, की नंतर काही गोष्टी कानावर आल्या. गेम आठवड्यात बुडाला. खरातांनी पेढे वाटले होते, त्याचे रिकामे डबे अजून दारात रचलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुहास कोळणीकडून बांगडे घेत होता, आमच्या दारासमोरच. केतकी समोरून आली. मी म्हटलं, आता भांडण. पण तिने आवाज चढवला नाही. विचारलं, "सुहासकाका, तिचं सगळं वाचलंस?"

त्याने मान तिरकी केली. "खरं सांगू?"

"नको," केतकी म्हणाली.

आणि गेली. त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नको म्हणालं. तो तसाच तोंड उघडं ठेवून उभा, कोळीण विचारतेय, किती देऊ, किती देऊ, आणि याला ऐकूच जात नाही.

त्याने तो व्हिडिओ काढला नाही. मी एकदा सांगून बघितलं. म्हणाला, "वहिनी, दिलेले मार्क मागे घेतले तर उद्या माझ्यावर विश्वास कोण ठेवेल?" जसा काही नेम मोडल्यावर विश्वास उरला होता राखायला. केतकी हैदराबादला गेली. तिथं मोबाईलवरच्या रमीचे गेम बनवतात, त्यात तिला मोठा पगार आहे म्हणे. खरात पगाराबद्दल सांगतात, गेमबद्दल सांगत नाहीत.

मग सुहासचं पोट फुगायला लागलं. पाणी व्हायचं, काढायचं, परत व्हायचं. दवाखान्यातून आला की खुर्चीत. माणसं येत नव्हती. एवढ्यांना मार्क देऊन ठेवलेले, येणार कोण? परब एकदा आले, दारातून डोकावले आणि 'काळजी घ्या' म्हणून गेले. सुहास मला म्हणाला, "भेट दोन. दीड देणार होतो, पण चालत आले." मी दुपारी पेज घेऊन जायचे. मालवणी माणूस, पेजेचे मार्क द्यायला ताकद होती त्याच्यात शेवटपर्यंत. पाचच्या वर गेले नाहीत.

आता शेवटचं सांगते. श्रावण संपत आला होता. मी वाडगा घेऊन गेले तर दार नुसतं लोटलेलं. तो खुर्चीत, पाय सुजलेले, स्टुलावर ठेवलेले, केतकीच्याच स्टुलावर. स्पीकरवर ते पाणी पडल्याचं संगीत. स्क्रीनवर ती विहीर, बोटाएवढी म्हातारी, आणि खाली पट्टीत एकच ओळ: 'जेवलंस काय रे, झिला?' त्याचं बोट बटणावर होतं. दाबत नव्हता.

मी म्हटलं, अडकला का रे गेम?

"नाही. ही सुरुवात आहे का शेवट, ते बघतोय." मग म्हणाला, "दोन्हीकडे हेच विचारते ती."

वाचलंस का मधलं, मी विचारलं.

त्याने लुगड्याच्या तुकड्याने स्क्रीन पुसला. पुसण्यासारखं काही नव्हतं.

मी धीर केला. म्हटलं, मग आता किती देतोस? केतकीला फोन करून सांगते.

मला वाटलं होतं, आता तरी. त्याने मान तिरकी केली, अगदी पहिल्यासारखी, आणि म्हणाला, "साडेचार."

मी पेज तिथं ठेवली आणि परत आले. रागाने आले, हे खरं. आमच्या घरी येऊन भिंतीपाशी बसले. बराच वेळ संगीत चालू होतं. टक् आलं नाही. संध्याकाळी वाडगा आणायला गेले, तर पेज तशीच, वर साय धरलेली, आणि तो ओळ समोर ठेवून झोपलेला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, तिथून तो घरी आला नाही.

केतकीला फोनवर सगळं सांगितलं. साडेचारसुद्धा सांगितलं, खोटं काही घातलं नाही. ती म्हणाली, "काकू, मीटिंग आहे, ठेवते." तीही काही आली नाही. तिने यावं असं मी म्हणू शकत नाही.

तर तो भारी माणूस हा, तन्वी. क्लिप ठेवायची असेल तर ठेव, पुसून काय होणार आहे. पण आता जरा सवड काढ आणि लवकर ये. रिक्षा दारात उभी ठेवून नाही, चांगली दोन दिवसांसाठी ये. तुझा तो लॅपटॉप आण. गेम अजून मिळतो म्हणतात, कुणी घेत नाही एवढंच. मला काही तो चालवता येत नाही, तू मला विहिरीपर्यंत नेऊन सोड. म्हातारी बोलायला लागली की बटण भराभर दाबायचं नाही, मी वाचते तोवर थांबायचं. आणि हे बघ, जेवून येऊ नकोस.